पुंजाराम ड्रेसरच्या गाड्या

सरकारी कागदावर पुंजारामभाऊंचा हुद्दा 'व्रणोपचारक' असा होता. अख्ख्या टेंभुर्णीत हा शब्द न अडखळता म्हणणारा मी एकटाच, आणि तोही पगारपत्रकापुरता. लोक त्यांना ड्रेसर म्हणत. गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर म्हणजे बैलाची जखम धुणारा, गाय तपासताना तिचं शेपूट धरणारा, सुया उकळणारा आणि डॉक्टर रजेवर असले की, म्हणजे वर्षातले सहा महिने, डॉक्टरच. मी तिथं पशुधन पर्यवेक्षक म्हणून बदलून आलो तेव्हा जालना जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली होती. बदली मी मागितली नव्हती. आयुष्यात मी जे मागितलं ते मिळालं नाही आणि जे मिळालं ते मागितलेलं नव्हतं. पुंजारामभाऊ त्या न मागितलेल्यांतले.

रुजू झालो त्याच दिवशी जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले होते. बाहेर त्यांची जीप उभी, आणि जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. मी वाकून बघितलं तर खाकी कपड्यातला एक वाळका माणूस गुरांच्या छातीचा घेर मोजायची पट्टी जीपच्या पोटाला लावून पडलेला.

"अहो, काय करून राह्यलात?"

"माप घेऊन राह्यलो. जल्दी होईल. साहेबांना चहात गुंतवा ना थोडं."

मी नवा माणूस, घाबरलेला. साहेबांना दोन चहा पाजले. हा आमचा परिचय.

माप कशाचं, ते पुढच्या रविवारी त्यांच्या घरी कळलं. पुंजारामभाऊ गाड्या करायचे. वीतभर लांबीच्या, पण हुबेहूब. आणि त्यांची पद्धत अशी उफराटी की सांगितली तर लोक हसायचे. चाकं म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. ती काही वाढवता-कमी करता येत नाहीत. म्हणून आधी बूच हातात घ्यायचं, खऱ्या गाडीच्या चाकाच्या ते कितव्या हिश्श्याचं आहे ते काढायचं आणि बाकीची सगळी गाडी त्या हिशेबानं लहान करायची. जीप पस्तीसपट लहान, तर ट्रक त्याहून लहान. "पहिलं बूच, मंग गाडी," म्हणायचे. बाटलीचं चकचकीत टोपण म्हणजे पुढचा दिवा. मोडकी सुई म्हणजे धूर सोडायची नळी. काचा म्हणजे माणसांच्या दवाखान्यातून आणलेली एक्स-रेची फिल्म, सोड्यानं धुऊन आरपार दिसेल अशी केलेली. आणि अंग म्हणजे औषधाच्या डब्याचा पत्रा, कात्रीनं कापून, ठोकून, कानशीनं घासून आणलेला.

पण पत्र्याचं काम त्यांना किरकोळ वाटायचं. खरा जीव रंगात. जुन्या जालन्यात एका मारवाडी शेठचं रंगाचं दुकान होतं. डब्याच्या तळाशी उरलेला मोटारीचा रंग शेठ त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचे. तो पातळ करायचा, गोचीड मारायच्या पंपात भरायचा आणि फवारायचा. आमच्याकडची धूळ तुम्हाला माहीत नसेल. बंद पेटीतल्या धोतराच्या घडीतही सापडते. म्हणून हा गृहस्थ रविवारी दुपारी जमिनीवर पाणी शिंपडून, घरात मच्छरदाणी लावून, तिच्या आत उघड्या अंगानं गाडी रंगवत बसायचा. एक थर, आठवडाभर वाळवण, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासणं, पुन्हा थर. असे सात. उन्हाळ्यात त्या मच्छरदाणीत माणूस भाजून निघेल. त्यांना त्याचं काही नाही.

त्यांची बायको दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. ती मला म्हणाली, "भाऊ, ह्यांच्या अंगाला सा दिवस गुरांचा वास अन् सातव्या दिवशी रंगाचा. माणसाचा वास मी बघितलाच न्हाई."

आतून आवाज आला, "बोलू नको. फुंकर लागती."

"वाळू द्या" हा त्यांचा शब्द. रंगापुरता नव्हता तो. एखादा शेतकरी बैल घेऊन तणतणत यायचा, त्याला बाकावर बसवून पाणी द्यायचे आणि मला हळूच म्हणायचे, "वाळू द्या जरा." माझ्या बढतीची फाइल तीन वर्षं अडकली. मी रोज चडफडायचो. हे आपले, "साहेब, ओला थर घासला तर सगळं उखडतं. वाळू द्या." मला संताप यायचा. पण पाय झाडणारा गोऱ्हा ह्या माणसाच्या हाताखाली गप्प उभा राहायचा, तेही मी बघत होतो.

त्यांचा दुसरा कायदा म्हणजे "हाय तशी". गाडी जशी आहे तशीच करायची. साहेबांच्या जीपला पुढच्या डाव्या बाजूला मोठा पोचा होता. जीप तयार झाली, साहेबांना कौतुकानं दाखवली. साहेब खूश. चष्मा काढून, लावून बघितली. मग कपाळाला आठी.

"हा पोचा कशाला? काढून टाक. माझ्या टेबलावर ठेवीन."

"साहेब, हाय तो."

"अरे, पण चांगली दिसेल ना."

"चांगली दिसेल. पण मंग ती तुमची न्हाई राहणार. बिलकुल न्हाई."

मी मागून डोळ्यांनी खुणावतोय की काढ बाबा, एक पोचा काढल्यानं तुझं काय जातं! नाही काढला. साहेबांनी जीप तिथंच ठेवली आणि पुढचे दोन महिने आमच्या दवाखान्याला औषधं उशिरा आली. मी त्यांच्याशी चार दिवस बोललो नाही. ते माझ्याशी बोलत राहिले, त्यामुळं माझा अबोला कुणाला कळलाच नाही.

एकदा त्या रंगवाल्या शेठनं मुंबईहून त्यांच्यासाठी खोका आणला. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, कुठल्यातरी परदेशी शर्यतीच्या गाडीचे. फक्त जोडायचे आणि रंगवायचे. पुंजारामभाऊंनी सोबतचा चित्रांचा कागद महिनाभर पाहिला. इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रांवरून पातळ थर कसा द्यायचा, कोपरे कसे झाकायचे, सगळं शिकले. भाग मात्र खोक्यातच ठेवले. का, तर त्या गाडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. "असंल चांगली. पण मी बघितली न्हाई. खोटी केली तर मला कसं कळंल?"

आमच्याकडं लग्नात रुखवत मांडतात. मुलीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू मांडवात टेबलावर मांडायच्या. लोकरीचे ससे, काड्यांचं तुळशीवृंदावन, शेवयांचे मोर. शेजारी पलंग, भांडी, कपाट. ज्या घरात पोरगी लग्नाची व्हायची त्या घरातली बाई पुंजारामभाऊंच्या दारात यायची. "ड्रेसरभाऊ, एक गाडी द्या ना रुखवताला." हे साफ नाही म्हणायचे. मी केलेली गाडी पोरीनं केली म्हणून मांडायची, हे त्यांना जमायचं नाही. पोरीला शिकवतो म्हणायचे. चार-दोन आल्याही. पत्र्यानं बोटं कापली की दुसऱ्या रविवारी बंद व्हायच्या.

टिकली ती एकच, त्यांची स्वतःची कांता. दहावीला गणितात नापास झालेली ही पोरगी पस्तिसाचा भागाकार तोंडी करायची. रंगाच्या बाबतीत तर बापाच्या पुढं गेली. बाप म्हणायचा, "तिचा हात हलका हाय. माझा गुरांचा हात." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला माझ्या मुलांची आठवण येऊन वाईट वाटायचं. माझी मुलं माझ्यापुढं कशातच गेली नाहीत.

नव्वदच्या सुमाराला आमच्याकडं एक डॉक्टरीणबाई आल्या. स्वतःची मारुती स्वतः चालवत जालन्याहून यायच्या. पहिले पंधरा दिवस गाव आजारी गुरं सोडून त्यांनाच बघायला यायचं. कांता रोज दुपारी बापाचा डबा घेऊन यायची आणि गाडीपाशी उभी राहायची. बाईंनी तिला माप घेऊ दिलं. त्याच वर्षी कांताचं लग्न ठरलं, पिंपळगाव रेणुकाईच्या एका घरात. घर शेतीवालं, खाऊनपिऊन सुखी. लग्नाआधी मला एक गाडी पुरी करायची म्हणाली, एकटीनं. बापानं खरंच हात लावला नाही. मच्छरदाणीच्या बाहेर बसून राहिले, आत लेक.

गाडी झाली, बाईंची मारुती, हाय तशी. लग्नाला तीन दिवस होते. पुंजारामभाऊ म्हणाले, "ही रुखवतात न्हाई मांडायची. तिची हाय, तिच्या पेटीत जाईल. अन् शेवटचा थर अजून कच्चा हाय."

इथून पुढचं माझं पाप आहे. ते मी कुणावर ढकलत नाही.

लग्नाच्या सकाळी मी मांडवात कारभारी होतो. सरकारी माणूस, चार अक्षरं शिकलेला, म्हणून सगळे मलाच विचारणार. रुखवताचं टेबल बघितलं तर तेच ते ससे आणि मोर. मला वाटलं, हिच्या हातची एवढी कला पेटीत कुजवायची? चार लोकांना दिसू द्या! मी घरात गेलो, पेटीतून गाडी काढली, स्टीलच्या ताटात ठेवली आणि नेऊन टेबलाच्या मधोमध मांडली. पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चि. सौ. कां. कांता हिने स्वतः तयार केलेली मोटारगाडी'. पुंजारामभाऊ तेव्हा पाहुण्यांना पाणी देत होते. त्यांना मी विचारलं नाही.

नवरदेवाचे मामा रुखवत बघायला आले. कमरेवर हात ठेवून गाडीपुढं उभे राहिले.

"खरी कवा यायची?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी मोठ्यानं हसलो. ते हसले नाहीत.

अर्ध्या तासानं निरोप आला, नवरदेव पारावरून उठत नाहीये. वाजंत्री वाजून वाजून थांबली. मुहूर्त टळायला आलेला. आम्ही चारपाच जण पारावर गेलो. मामांनी सरळ मांडणी केली. "रुखवतात मांडलं ते पोरीसंगं येतं का न्हाई? पलंग मांडला, पलंग येऊन राह्यला. भांडी मांडली, भांडी येऊन राह्यली. गाडी मांडली. आमच्या समद्या पाहुण्यांत झालं की ड्रेसर गाडी देऊन राह्यला. आता आम्ही रिकाम्या हातानं कसं जायचं?"

पुंजारामभाऊ डोक्याला फेटा बांधून उभे होते. तो फेटा त्यांना मोठा होत होता. ते म्हणाले, "पोरीनं केली ती. वीतभर हाय. घेऊन जा ना बराबर."

"आम्ही काय लेकरं हाय का, वीतभर गाडीनं खेळायला?"

नवरदेव खाली बघून रुमालाशी चाळा करत होता. ताट मीच आणलं होतं. आणि मी ते वाक्य बोललो जे आपल्यातला प्रत्येक शहाणा माणूस अशा वेळी बोलतो. "लग्न लागू द्या. गाडीचं पुढं पाहू."

मामांनी आजूबाजूला बघितलं. "ऐकलं का समद्यांनी? साहेब शब्द देऊन राह्यले." नवरदेव उठला. वाजंत्री सुरू झाली. पुंजारामभाऊंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि फेटा सावरत मांडवाकडं निघाले. अक्षता पडल्या.

पुढची पाच वर्षं मला आठवायला नको वाटतात. कांता पंचमीला आली की निरोप घेऊन यायची, दिवाळीला आली की निरोप घेऊन यायची. निरोप एकच. गाडीचं विचारून ये. ड्रेसरच्या पगारात मोटार येत नसते, हे सासरच्यांनाही माहीत होतं. पण मागणं सुटत नव्हतं, आणि मागणं सुटत नाही म्हणून तिचं जेवण, झोप, माहेरी येणं, सगळं त्याच्यावर टांगलेलं. दर वेळी ती आधीपेक्षा वाळलेली दिसायची. पुंजारामभाऊ म्हणायचे, "वाळू द्या. नवं घर हाय. एक पोर झालं की बसंल सगळं."

पोर झालं नाही. एकदा मी दवाखान्यातच ओरडलो. "अहो, माणसं काय रंग आहेत का वाळायला? जा ना, आणा ना पोरीला!"

ते सुया उकळत होते. सुया मोजल्या, झाकण ठेवलं. म्हणाले, "आणलं की ती परत आलेली पोरगी ठरती, साहेब. मंग तिचं काय?" शब्द देणारा मी, आणि पुढचं पाहणारे ते.

गाड्या बंद झाल्या होत्या. मच्छरदाणी घडी करून माळ्यावर गेली. रविवारी ते ओट्यावर बसायचे, हात मांडीवर ठेवून. बुचं मात्र सवयीनं खिशात टाकायचे. त्यांच्या बायकोनं एकदा धुताना मूठभर काढून मला दाखवली आणि उकिरड्यावर टाकली.

मग एका सकाळी भोकरदनच्या गाडीचा ओळखीचा कंडक्टर दवाखान्यात आला. पिंपळगावला कांता दिसली होती, आजारी वाटली, बघून या म्हणाला. पुंजारामभाऊंनी हात धुतले. "साहेब, येता का?" म्हणाले. मी निघालो.

सासरा चांगला बोलला. चहा आला. तब्येतीचं काही नाही म्हणाला, थोडा ताप. आणि कप खाली ठेवून म्हणाला, "आता तुम्ही दोघं बी हाय तर गाडीचं होऊनच जाऊ द्या. मंग खुशाल नांदू द्या पोरीला."

कांता आतल्या दाराशी उभी होती. पुंजारामभाऊंना माणसाच्या तोंडाआधी हात बघायची सवय. तिची बोटं भेगाळलेली, नखं शेणानं काळी, आणि उजव्या हाताला कसलातरी चटका. त्यांनी चहा तसाच ठेवला. मग उठले.

"चल कांता. घरी जायचंय."

"पिशवी घेऊ का बाबा?"

"न्हाई."

सासरा उठला, काही बोलायला लागला. पुंजारामभाऊंनी त्याच्याकडं वळून हात जोडले, नीट, पाहुण्याला जोडतात तसे, आणि उंबरा ओलांडला. भांडण झालं नाही. मला वाटत होतं व्हावं. मी मनात पाच वर्षांचं बोलणं तयार ठेवलं होतं. ते घेऊन तसाच त्यांच्या मागं चालत राहिलो. एसटीत कांता बापाच्या खांद्यावर झोपली. माझं तिकीटही त्यांनीच काढलं.

वर्षभरानं माझी बदली झाली, त्यानंतर आणखी दोन, आणि मग निवृत्ती. माफीचं पत्र लिहायला बसायचो आणि मायना लिहून सोडून द्यायचो. लाज वाटायची, दुसरं काही नाही.

शेवटचे भेटले ते जाफराबादच्या स्टँडवर, मधे बरीच वर्षं गेल्यावर. हातात हयातीचा दाखला. "जिवंत हाय म्हणून लिहून आणलं," म्हणाले आणि हसले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. आम्ही कळकट बाकावर चहा घेतला. बायको गेली होती. कांता गावातच अंगणवाडीत होती. बरी हाय, म्हणाले. गाड्या करता का विचारलं तर डोळ्याकडं बोट दाखवलं.

मी कप खाली ठेवला आणि जे पंधरा वर्षं पोटात होतं ते बोललो. "पुंजारामभाऊ, ती गाडी मी मांडली. तुम्ही नको म्हटलं होतं. पोरीच्या आयुष्याची माती मी केली. मला माफ करा."

ते घाईघाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई साहेब. ती न्हाई मांडली असती तर त्यांनी दुसऱ्या कशावरून मागितलं असतं. मागणारा मागतोच. ते सोडा." मग बऱ्या डोळ्यानं माझ्याकडं बघत म्हणाले, "एक विचारू का? तुम्ही ती गाडी हातात धरून नेल्ती. आत बघितलं होतं का?"

"आत?"

"काचेतून. डायवरची सीट."

"नाही बुवा."

"डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या. पाय पुरायचे न्हाईत. सीट पार पुढं ओढून बसायच्या. कांतानं तशीच सीट केल्ती, पुढं ओढलेली. मी म्हणलं, बराबर, हाय तशी केलीस. तर म्हणली, बाबा, बाईंनी मला एकदा बसवलं होतं. माझे बी पाय तिथूनच पुरले." त्यांनी ओठावरची साय पुसली. "मांडवात एवढी माणसं आल्ती. समद्यांना मारुती दिसली. पोरीची गाडी कोणीच बघितली न्हाई."

टेंभुर्णीची गाडी लागली. ते उठले, दाखला वरच्या खिशात नीट ठेवला, दांडी धरून एकेक पायरी चढले. खिडकीशी जागा मिळाली तसा हात हलवला. त्यांना मी दिसत होतो की नाही कोण जाणे, हात थोडा दुसरीकडंच हलत होता.

गाडी गेली तरी मी बाकावर बसून राहिलो. त्या सकाळी त्यांच्या घरापासून मांडवापर्यंत ते ताट मी दोन्ही हातांनी छातीशी धरून नेलं होतं. काच माझ्या डोळ्यांपुढं होती. पण शेवटचा थर कच्चा होता ना, त्याला लागू नयेत म्हणून सगळा रस्ता मी फक्त माझ्या बोटांकडं बघत होतो.